प्रतिछात्र सतरा

"ही पोरगी मला वेड लावणार बघ!" शांभवी बिराजदारनं पडद्यासमोर कपाळाला हात लावला.

पोरगी म्हणजे प्रतिछात्र सतरा. वय अकरा, इयत्ता सहावी, नाव गुप्त आणि शरीर नाहीच. ती लातूरच्या शिक्षणतंत्र प्रयोगशाळेतल्या संगणकात राहत होती आणि तिला अपूर्णांकांचा भागाकार काही केल्या येत नव्हता.

शांभवी स्वतः बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. पदवी हातात पडायच्या आधीच शिक्षणतंत्रातली पदव्युत्तर पदवी नऊ आठवड्यांत मिळवून देणारा शीघ्र-पदव्युत्तर अभ्यासक्रम तिनं घेतला होता. नऊ आठवड्यांत शिकवण्याचा अनुभव येणार कुठून? तर प्रतिछात्रांकडून. त्यांना भूक लागत नाही, दिवाळीची सुट्टी लागत नाही, त्यामुळे खऱ्या वर्गाचं वर्ष इथे महिन्याभरात उरकतं. आपल्या प्रतिछात्राला न येणारी एक गोष्ट शिकवून दाखवली की पदवी. नाहीतर घरी. या अभ्यासक्रमाला दुसरी संधी नव्हती, आणि उदगीरच्या शाळेनं जूनपासून शांभवीसाठी जागा राखून ठेवली होती ती या पदवीच्या भरवशावर.

पहिल्याच दिवशी तिनं संचालिका डॉ. सानिया पटेल यांना विचारलं होतं, "मॅडम, ही सतरा बनली कशी?"

"मूल शाळेतल्या टॅबलेटवर काय लिहितं, किती वेळ थांबतं, काय खोडतं, हे सगळं साठवलेलं असतं. त्याला आपण अध्ययनठसा म्हणतो. त्या ठशावरून मुलाची विचार करण्याची वाट पुन्हा उभी करता येते. पहिले सोळा प्रतिछात्र हजारो मुलांच्या सरासरीतून विणलेत. सतरा मात्र एकाच व्यक्तीची आहे."

"म्हणजे जे हिला पटेल, ते त्या खऱ्या मुलीलाही पटलं असतं?"

"तसा आपला सिद्धांत आहे. पण मूळ व्यक्तीवर तो कधी तपासलेला नाही. ठसा वापरायला त्या माणसाची संमती लागते, आणि आपल्या चुका चारचौघांत मांडायला कोण राजी होतं सांग?" मॅडम हसल्या. "आता मी तुझे पाठ परीक्षेपर्यंत बघणार नाही. तसा नियमच आहे."

शांभवी जोरात कामाला लागली. आंबे कापायचा खेळ केला, पदकं ठेवली, बरोबर उत्तराला नाचणारा पोपट ठेवला. पोपटावर तर चार दिवस घालवले! सतरानं खेळात शंभरपैकी शंभर मिळवले. खेळ काढून तेच गणित विचारलं तर शून्य. बरोबर उत्तराचं बटण पडद्यावर किंचित आधी उमटतं, हे बयेनं केव्हाच हेरलं होतं.

"लबाड कुठली!" शांभवीला राग आला आणि हसूही आलं.

"सोड की तिला," शेजारच्या खुर्चीवरून रेवण म्हणाला. तो तिच्याच तुकडीतला. "'अध्यापनास अयोग्य' असा शेरा मार आणि हिच्याऐवजी चार नंबरचा प्रतिछात्र घे. थोडे गुण कापतील, पण पदवी तर मिळेल. आजवर तेवीस जणांनी सतराला असंच सोडलंय. ते काय येडे होते?"

सहावा आठवडा संपत आला होता. शांभवीनं शेऱ्याचा अर्ज उघडलाही. पण कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. मुलीचं नेमकं अडतं कुठे हेच तिला ठाऊक नव्हतं. इतके दिवस ती नुसती साधनं बनवत बसली होती, मुलीकडे बघितलंच नव्हतं. तिनं अर्ज मिटला आणि मूळ ठसा ओळीनं वाचायला घेतला.

तीन भागिले एक द्वितीयांश. मुलीनं आधी सहा लिहिलं होतं. मग चाळीस सेकंद थांबली. सहा खोडून दीड लिहिलं. पुढचं गणित, तेच. त्याच्या पुढचं, तेच. असं एकाहत्तर वेळा.

"रेवण!" शांभवी ओरडलीच. "अरे, ही चुकत नाहीये! ही तपासतेय!"

"काय तपासतेय?"

"तिसरीत हिला सांगितलं, भागाकार म्हणजे वाटणं. वाटलं की कमीच होतं ना? तिनाचे सहा झालेले दिसले की हिला वाटतं, काहीतरी घोटाळा आहे. खरं सांगू, हिचंच बरोबर आहे. अर्ध्या माणसात वाटणी कशी करायची रे?"

तिनं पोपट काढला, पदकं काढली, आंबे काढले. कोऱ्या पडद्यावर फक्त एक प्रश्न टाकला. तीन लिटर ताक आहे, अर्ध्या लिटरचे लोटे आहेत, किती लोटे भरतील?

"सहा," सतराचं उत्तर लगेच आलं.

"मग ताक वाढलं का?"

चाळीस सेकंद काहीच नाही.

"नाही. लोटा लहान आहे म्हणून जास्त भरले." आणि मग कुणी न विचारताच, "पाव लिटरचा घेतला तर बारा! अजून गणितं द्या ना!"

शांभवीनं प्रयोगशाळेत दोन गिरक्या घेतल्या. ही बरी आहे ना, असं रेवणनं दोनदा विचारलं.

तोंडी परीक्षेला नाशिकहून डॉ. गिरिधर तुंगार आले होते. सदुसष्ट वर्षांचे, आणि शब्दाला धार लावून बोलणारे. त्यांनी शांभवीचा अहवाल शेवटपर्यंत वाचला, शेजारी बसलेल्या पटेल मॅडमकडे सरकवला आणि चष्मा काढला.

"छान. यंत्राला पटलं. पण मुलाला पटलं असतं याचा पुरावा काय? मूळ व्यक्ती समोर असती तर गोष्ट वेगळी. माफ करा बाळ, अशानं मी सही करणार नाही."

उदगीर गेलं, नऊ आठवडे गेले, सगळं मुसळ केरात.

"मूळ व्यक्ती समोरच आहे, सर," पटेल मॅडम म्हणाल्या. अहवाल त्यांनी न उघडताच छातीशी धरला होता. "सतरा म्हणजे मी."

तुंगार सरांनी काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"संमती कुणाचीच मिळेना, म्हणून मी माझीच दिली; शाळेत टॅबलेट मिळालेल्या अगदी पहिल्या तुकडीतली मी. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, हा नियम मी पाठ केला. पीएच.डी. झाले. पण उत्तर मोठं का येतं ते मला आजही कळत नाही. या वयात विचारणार कुणाला? लाज वाटते. वाटलं, पोरांपैकी कुणीतरी सतराला समजावेल आणि ते मलाही कळेल. तेवीस जणांनी मला अयोग्य ठरवलं, सर. त्या तेवीस अहवालांवर सही माझीच आहे."

"अहो, मग हीच खरी परीक्षा!" तुंगार सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, तो नियम वापरायचा नाही हं. मुली, तू शिकव."

शांभवीनं टेबलावरचा थर्मास पुढे ओढला. "मॅडम, यात दोन लिटर चहा आहे. कप एक अष्टमांश लिटरचा. कुणाला वाटायचा नाही. फक्त भरून बघायचं, किती कप होतील?"

मॅडमनी फळ्यावर सोळा लिहिलं. मग त्या थांबल्या. डस्टर उचललं. शांभवीच्या ओठांवर शब्द आले, ते तिनं गिळले.

डस्टर सोळाच्या अगदी जवळ जाऊन थबकलं.

"चहा दोनच लिटर आहे," मॅडम हळूहळू म्हणाल्या. "माप एवढंसं, म्हणून कप जास्त... अगंबाई!" डस्टर खाली पडलं. "म्हणजे मी खोडत होते तेच बरोबर होतं! एकाहत्तर वेळा बरोबर होतं, आणि मी जन्मभर स्वतःला ढ समजत आले!" त्या हसत होत्या आणि डोळे घळाघळा वाहत होते. शांभवीला इतका आनंद झाला की तिनं संचालिकाबाईंना सरळ मिठी मारली.

"एकेचाळीस सेकंद," तुंगार सर म्हणाले आणि त्यांनी पदवीपत्रावर झोकदार सही ठोकली. कागद पुढे करताना मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "त्या यंत्रात माझा ठसा निघेल का गं? ऋण गुणिले ऋण धन का होतं... अडतीस वर्षं शिकवलं मी ते."

"तुमच्या वेळी पाटी होती ना, सर?" शांभवी म्हणाली. " पाटीवरचं पुसलं की गेलं."

"मग आता?"

"मग माझ्यासमोर बसा आणि कुठे अडतं ते सांगा."

तुंगार सरांनी आधी दाराला आतून कडी घातली आणि मग येऊन बसले.