उंटापुढचं प्यादं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या धाकट्या आत्याच्या बाबतीत घडलंय हे. मार्चमधला बुधवार, भरदुपारचे तीन. शिंप्याच्या दुकानावरची तिची बुद्धिबळाच्या वर्गाची खोली.

मुलं पाचला यायची. खोलीत ती एकटीच.

सहाही पट मांडून ती हात धुवायला गेली. परत आली तर...

खिडकीजवळच्या पटावर एक पांढरं प्यादं पुढे सरकलेलं. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं. दोन घरं.

तिनं ते मागे ठेवलं. पाठ वळते न वळते तोच...

सर्र...

प्यादं पुन्हा दोन घरं पुढे.

ही तर मोठ्या आत्याची, म्हणजे तिच्या ताईची, डाव सुरू करायची पद्धत! "मध्ये घुसायची घाई नको गं," ती शिकवायची. "समोरच्याला घेऊ दे मध्य. आपण कडेनं यायचं. बेत शेवटपर्यंत कळू द्यायचा नाही."

स्पर्धेला दोघींपैकी एकीलाच पाठवायचं ठरलं, तेव्हा धाकटी गेली. मोठीनं स्वयंपाकघरात बसून डावांच्या वह्या भरल्या. त्या वह्यांचं पुढे पुस्तक झालं... धाकटीच्या नावानं. आभाराच्या पानावरही मोठी नव्हती. आजारपणात तिनं ते चाळलं. "छपाई छान आहे," एवढंच म्हणाली. आठवड्याभरात गेली.

धाकटी खुर्चीत बसली. काळ्या राजापुढचं प्यादं तिनं मध्यावर ढकललं आणि डोळे मिटले.

सर्र... घोडा.

सर्र... कोपऱ्याजवळ उंट, लांब तिरप्या रेषेवर नजर रोखून.

मध्य सगळा धाकटीचा. तरी वीस खेळ्यांत तिला हलायला जागा उरली नाही. कडेची प्यादी पार गळ्याशी आली होती.

खालची शिलाई मशीन कधी थांबली, कळलंच नाही. पंखा फिरत होता... पण आवाज नव्हता.

"ताई, मी सांगणार होते गं सगळ्यांना..."

तिनं हार मानली. आपला राजा आडवा केला, पिशवी घ्यायला वळली.

टक्...

राजा उभा होता.

पुन्हा आडवा केला. पुन्हा उभा.

तेव्हापासून वर्ग बंद आहे. खोलीला कुलूप. परवा मी भीत भीत विचारलं, "आत्या, आता काही नाही ना तिथे?"

ती माझ्याकडे बघेचना.

"अजून खेळी माझीच आहे," म्हणाली.