चार नंबरच्या बोअरची पातळी

हे माझ्याबरोबर घडलंय. ऐकीव नाही. पुरावा म्हणून माझी फील्ड डायरी आहे, पण तिच्यातली ती दोन पानं मी स्टेपल करून टाकलीत.

मी मंजुश्री. मूळची उदगीरची. लातूरच्या एका खासगी लॅबमध्ये केमिस्ट आहे. बंद कारखाने, कचरा डेपो यांच्या आसपास जमिनीखालचं पाणी बिघडलंय का, ते तपासायचं आमचं काम.

मे २०२३. मंगळवार. रात्र नव्हती, भर दुपारचे पावणेबारा वाजले होते.

अहमदपूरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की फवारणीच्या औषधांचा एक बंद कारखाना लागतो. नाव लिहीत नाही. तिथं पाणी तपासायला पाच बोअर मारलेत. चार इंची पाइप, वर टोपण, टोपणाला कुलूप. मी दर महिन्याला जायचे. आधी टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, मग नमुना घ्यायचा.

टेपच्या टोकाला स्टीलचा तुकडा असतो. पाण्याला टेकला की वर रिळात बीप वाजते.

फाटकाजवळ केवळाबाई राहायच्या. साठीच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचे मालक शेषेराव कारखान्याचे वॉचमन होते. सात वर्षांपूर्वी कारखान्यातली औषधाची टाकी फुटली त्या दिवसापासून ते गायब होते. पळून गेला म्हणाले सगळे. बाई मात्र जागा सोडून गेल्या नाहीत.

मी चार नंबरपाशी आले की त्या येऊन बसायच्या. दर वेळी एकच प्रश्न.

"किती वर आलेत?"

मला वाटायचं, पाण्याचं विचारून राहिल्यात. गावाकडचं बोलणं. मी आकडा सांगायचे.

जानेवारीत पाइपच्या तोंडापासून बावन्न फूट खाली. फेब्रुवारीत चाळीस. मार्चला एकतीस. एप्रिलला एकोणीस.

उन्हाळ्यात बाकीच्या चारही बोअरचं पाणी खाली चाललेलं. हे एकटंच वर येत होतं. लॅबचे आमचे सर म्हणाले, कुठली तरी पाइपलाइन गळत असेल.

त्या मंगळवारी मी टेप सोडली.

अकरा फुटांवर... बीप.

"किती?" केवळाबाईंनी विचारलं.

"अकरा."

त्या हसल्या. पदरानं तोंड पुसलं. "लई दमलेत."

मी लक्ष दिलं नाही. बेलर काढला. म्हणजे दोरीला बांधलेली लांब नळी, तिच्यात पाणी भरून वर येतं. एरवी मी तो थेट सत्तर फुटांवर सोडायचे. त्या दिवशी म्हटलं, पाणी वरच आहे तर इथंच घेऊ.

पंधरा फुटांवर सोडला. वर ओढला.

कोरडा.

तीस फूट. कोरडा. आत नुसती धूळ.

पंचावन्न फुटांवर कुठं पाणी लागलं. म्हणजे पाणी होतं तिथंच होतं. बावन्नच्या आसपास.

मग अकरा फुटांवर टेप कशाला टेकली?

बिघडली असेल म्हणून मी टोक ओल्या बोटांच्या चिमटीत धरलं. आम्ही अशीच तपासतो.

बीप. बोटं सोडली, बंद. धरलं, बीप.

टेप चांगली होती.

आणि पाणी नसताना ती फक्त अशीच वाजू शकते... कुणीतरी ओल्या बोटांनी धरली तर.

पाइप चार इंची. माणसाचं डोकंसुद्धा मावत नाही.

मला तिथून उठायला हवं होतं. उठले नाही. टेप पुन्हा सोडली.

नऊ फूट... बीप.

थोडी वर घेतली. आवाज थांबला नाही. आठ. सात. बीप चालूच. टेप जड लागायला लागली.

मग खालून... हिसका बसला.

रीळ माझ्या हातातून सुटलं आणि पाइपच्या तोंडावर आडवं अडकलं. पाइपातून वास वर आला. फवारणीच्या औषधाचा, आणि त्याखाली दुसरा कसला तरी.

मी मागं सरकले. केवळाबाई पुढं झाल्या. पाइपात वाकून अगदी हळू बोलल्या.

"घट्ट धरा. घाई करू नका."

आणि त्या रीळ गुंडाळायला लागल्या.

मी ओरडले. दयानंद, आमचा ड्रायव्हर, जीपमधून पळत आला. त्यानं खिशातल्या चाकूनं टेप कापली. टोपण लावलं, कुलूप घातलं. केवळाबाई त्याच्या हाताला लोंबकळून रडत होत्या.

"सात वर्सं झाली रे! आता तर हाताला लागले असते!"

टोपणाखाली काहीतरी... एकदाच वाजलं. टक.

जीप हमरस्त्याला लागेपर्यंत दयानंद आरशातून मागं बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, टाकी फुटली तवा जमीन खचली होती. शेषेराव व्हॉल्व बंद करायला तिकडंच गेलते. नंतर वरून मुरूम टाकून दाबून घेतलं. हे चार नंबर त्याच जागेवर मारलंय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. पाण्याचं विचारायचं तर 'किती वर आलंय' म्हणतील. बाई 'आलेत' म्हणायच्या. नवऱ्याविषयी बोलतात तसं.

डायरीत मी लिहिलं, 'टेप तुटली, नमुना घेतला नाही.' पोलिसात काय सांगणार होते? सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऊन लागलंय तुला, आठ दिवस घरी जा.

जूनमध्ये माझ्या जागी आमच्या लॅबमधला उमाशंकर गेला. दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, चार नंबरचं कुलूप जागेवर हाय. पातळी बावन्न. सगळं नॉर्मल."

"केवळाबाई आल्या होत्या?"

"न्हाई. घरीच हायत. दाराला आतून कडी हाय." मग त्याचा आवाज उतरला. "त्या एकट्याच राहत्यात म्हणला होतात ना?"

"हो. का?"

"आत कुणीतरी अंघोळ करून राहिलंय. मी आलो तवापासून. दोन तास झाले. मोरीचं पाणी बाहेर येऊन राहिलंय, त्याला औषधाचा वास हाय... आणि खोकतंय ते बाईमाणूस न्हाई."

मी म्हटलं, "उमाशंकर, दार वाजवू नको. नीघ तिथून."

फोनमधून मला कडी काढल्याचा आवाज आला. मग फोन बंद.

तो संध्याकाळी परत आला. धडधाकट. नमुन्यांच्या बाटल्या फ्रीजमध्ये लावल्या आणि कुणाशी न बोलता घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरी सोडली. माझा फोन तो अजून उचलत नाही.

त्या साइटचं काम आमच्याकडे आणखी दोन वर्षं आहे. या महिन्यात कोण जाणार, ते सर उद्या सांगणार आहेत.

लॅबमध्ये फील्डचं काम येणारी आता मी एकटीच उरले.