खाजकुयलीचा आळ

"दुपारी फौजदार येतोय. त्याच्या आत काय तो छडा लावा," दंड खाजवत घरच्या मालकीण नर्मदाबाई म्हणाल्या.

कंपाउंडर बन्सीधरचं डोकं फिरायची वेळ आली होती. गंगाखेडच्या या घराला तीन महिने खाज सुटली होती. त्याने खरूज ओळखली, खाजणाऱ्या एकेकाला तीनदा औषध चोळलं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच! आता घरचे म्हणत होते, उन्हात टाकलेल्या गाद्यांत अंगणकाम करणारी सत्यशीला खाजकुयली टाकते. म्हणूनच तिला खाजत नाही. शेवटी वैतागून त्याने खाजगी तपास करणाऱ्या भुजंगरावांना आणलं.

"मीच दादाला किडनी दिली," भुजंगरावांच्या प्रश्नावर मान खाजवत घरमालक दत्तरावांचा धाकटा भाऊ सूर्यभान म्हणाला. "मी कशाला वाईट करू?"

अंगणात सत्यशीला म्हणाली, "गादीला हात लावला तर वरडतेत. उंबऱ्याच्या आत पाय न्हाई माझा. टाकू कशी?"

आत दत्तराव पडून होते. येणारा प्रत्येकजण मायेने त्यांचा हात हातात घेई. तळहातावर जाड पोपडे.

"मला काही खाजत नाही बघा," ते हसले.

"गोळ्या चालू आहेत?" भुजंगरावांनी विचारलं.

"रोज. भावाची किडनी अंगाने झिडकारू नये म्हणून."

चादरीवर पडलेला एक पोपडा पुडीत बांधून भुजंगराव डॉक्टरांकडे गेले. तासाभराने परतले.

"खाजकुयली नाही, खरूजच. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पोपडा किड्यांनी भरलाय. बन्सीधर, तुझं निदान बरोबर होतं. पण औषध दिलंस कुणाला?"

"ज्यांना खाजतं त्यांना."

"तिथंच चुकलास! गोळ्यांनी दत्तरावांचं अंग परकी किडनी सोसतं, तसंच किडेही सोसतं. म्हणून खाज नाही, अन् किडे हजारोंनी. त्यांच्या हातातून ते घरभर जातात. सत्यशीलेला तुम्ही आत घेतलं नाहीत, म्हणून ती वाचली."

बन्सीधरने कपाळावर हात मारला.

"गोळ्या बंद करायच्या नाहीत. सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, कपडे उकळायचे. यांचे पोपडे मऊ करून काढायचे, रोज, डॉक्टर सांगतील तसं."

खाटेभोवतीचे सगळे दोन पावलं मागे सरले. दत्तरावांनी हात पांघरुणात ओढून घेतले.

नर्मदाबाईंची नजर दाराकडे गेली. "सत्यशीले, आत ये गं. तेवढं औषध..."

"आता आत?" सत्यशीला जागची हलली नाही. "फौजदाराला आधी सांगा बाई, म्या काय केलं न्हाई म्हून. मग बघू."

नर्मदाबाईंची मान खाली गेली. "सांगते," त्या पुटपुटल्या. मग खाटेशी बसून त्यांनी पांघरूण दूर केलं आणि नवऱ्याचा तळहात मांडीवर घेतला.