भुलाबाईची खिरापत

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मात्र त्या खोलीत होतो.

२०१७ची कोजागिरी. मूर्तिजापूरजवळ चंद्रभानमामांचं घर. नुकताच अंधार पडला होता.

मामांची मुलगी आकांक्षा दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिला नर्स व्हायचं होतं. त्या वर्षी कापूस बुडाला, मामांनी तिचं कॉलेज बंद केलं आणि एका बिजवराशी लग्न ठरवून टाकलं. त्याच आठवड्यात तिला साप चावला.

निदान मामा सगळ्यांना असंच सांगायचे.

मामींना फक्त तिचा आवाज ऐकायचा होता. तिच्या मोबाइलमधली, तिनंच म्हटलेली भुलाबाईची गाणी मी नेटवर्क ड्राइव्हवर उतरवून आणली होती. ड्राइव्ह राउटरला जोडला. लॅपटॉपवरच्या म्युझिक लायब्ररीत त्याचा पत्ता टाकला.

गाणी एकेक करून दिसू लागली...

सगळ्यात शेवटी नाव आलं, 'खिरापत'.

अशी फाइल मी उतरवलीच नव्हती.

"लाव न बापू," मामी म्हणाल्या.

आमच्याकडे कोजागिरीला मुलींची भुलाबाईची गाणी झाली की खिरापतीचा झाकलेला डबा वाजवून दाखवतात. 'वयखा' म्हटलं की आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय खिरापत वाटत नाहीत.

स्पीकरमधून डबा हलल्याचा आवाज आला...

आत काहीतरी पातळ हिंदकळत होतं.

"वयखा!"

आकांक्षाच.

मामी रडता रडता हसल्या. सवयीनं बोलून गेल्या, "फुटाने?"

डबा पुन्हा हलला...

"नाई."

रेकॉर्डिंग उत्तर देत होतं!

"खोबरं? मुरमुरे? काहून तरास देतं माय, सांग न!"

"नाई आई. बाबाले इचार."

मामा दारात उभे होते.

मी ड्राइव्हची वायर उपटली. लायब्ररी रिकामी झाली.

डबा वाजतच राहिला...

मामा मटकन खाली बसले. "फवारनीचं औषध," ते पुटपुटले.

"वयखलं!"

ती हसली. अगदी पूर्वीसारखी. मग सगळं बंद.

ती औषध प्यायली होती आणि साप बिचारा दोन वर्षं फुकट बदनाम झाला. आणि आम्ही शहाणे नातेवाईक मान डोलावत बसलो. आजही स्वतःची चीड येते.

मामी उठल्या. आत गेल्या. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आल्या आणि कप मामांपुढे ठेवला.

"खिरापत वयखली न तुमी? मंग घ्या आता."

मामांनी कपाला हात लावला नाही.

त्या कपात चहाच असेल, असं मी स्वतःला सांगतो. मामा मात्र तेव्हापासून मामींच्या हातचं काहीच खात नाहीत.