सुझानीचा रिकामा कोपरा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. आमच्या घरात घडलीय, माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. कमेंटमध्ये 'फेक' लिहायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांनी खाली जावं आणि आरशातल्या बाईची गोष्ट वाचावी. ती तुमच्याच लायकीची आहे.

गाव बुखारा. तलावामागची जुनी सराई. गेल्या मे महिन्यातला शनिवार, दिवेलागणीची वेळ.

माझे मामा अस्लिद्दीन (आम्ही मामाला तगा म्हणतो) दर वसंतात त्या सराईत जुन्या गालिच्यांचा आणि भरतकामाचा बाजार भरवतात. डफ, तंबूर, नाच, पुलावाची कढई, सगळा थाट.

आता 'जुने' म्हणजे काय ते ऐका.

नवाकोरा गालिचा गल्लीत अंथरायचा. आठवडाभर त्यावरून गाड्या जाऊ द्यायच्या. मग चहाच्या पाण्यात बुचकळून उन्हात टाकायचा. झाला अमिराच्या काळातला! मागच्या वर्षी एका बाईने तसल्या गालिच्याला नाक लावलं आणि डोळे मिटून म्हणाली, "अहाहा, इतिहास!"

चहा होता तो, बाई. तोही स्वस्तातला.

पण यंदा बाजारात एक वस्तू खरी आली होती.

सुझानी. म्हणजे नवरीच्या रुखवतातलं भरलेलं मोठं कापड. डाळिंबी फुलं, भोवती काळपट हिरवी पानं. आमच्या गल्लीतल्या हमरो बीबीने ती विकायला आणली होती. एका कोपऱ्यातलं एक पान नुसतं आखलेलं होतं. भरलेलं नव्हतं.

आमच्याकडे प्रत्येक सुझानीत एखादं पान असं मुद्दाम सोडतात. काम पुरं झालं की भरणारीचं आयुष्य पुरं होतं म्हणतात. इथलं शेंबडं पोरसुद्धा त्या पानाला सुई लावणार नाही.

"अस्लिद्दीन, माझ्या थोरल्या बहिणीचं काम आहे हे," बीबी म्हणाली. "लग्नाआधीच गेली बिचारी, सुई हातात असताना. तो कोपरा तसाच राहू दे रे बाबा. ती अजून त्यापाशीच बसलेली असते. तिचं काम काढून घेऊ नकोस."

"बीबी, मी काय परका आहे का?" तगांनी छातीवर हात ठेवला.

छातीवर हात ठेवला की हा माणूस थापा मारतो, हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे.

शनिवारी एक उंच, टोपीवालं परदेशी गिऱ्हाईक आलं. सगळी सुझानी बघितली आणि बोट नेमकं त्या कोपऱ्यावर ठेवलं. अर्धवट माल नको म्हणे. पुरा करून दिला तर आत्ता घेतो.

तगा धावत पडद्यामागे आले. तिथे मी मोहि आपाच्या मनगटांना घुंगरू बांधत होते. आपा माझी मोठी बहीण. शरदात तिचं लग्न ठरलं होतं. गल्लीत तिच्यासारखं भरतकाम कुणाचं नाही, आणि नाच तर नाहीच नाही.

"मोहि, राणी माझी, सुई घे जरा. एकच तर पान आहे."

"तगा, बीबी काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत ना?"

"म्हातारी झालीय ती. तिला बकरीतसुद्धा जिन दिसतो."

"मग तुम्हीच भरा की," मी म्हटलं. "सबंध गालिचा म्हातारा करता येतो, एवढंसं पान भरता येत नाही?"

"ही पोरगी कुणावर गेलीय?"

"तुमच्यावर नाही, देवाची कृपा."

आपा हसली. पण मामाला तोंडावर नाही म्हणायची तिची छाती नव्हती. तिने स्टूल ओढलं, काळपट हिरवा धागा ओवला आणि बसली. टाका घालताना मनगटातले घुंगरू किणकिणत होते. शेवटची गाठ मारून तिने धागा दातांनी तोडला.

आणि...

बाहेरचा डफ थांबला.

वाजवणारा म्हणाला, चामडं सैल पडलं. मे महिन्यात! बुखाऱ्यात! जिथे ओठसुद्धा फुटतात! त्याने डफ शेगडीवर शेकला आणि पुन्हा सुरू केलं.

आपा नाचायला गेली. हात वर फेकले. मनगटं झटकली.

घुंगरू वाजले नाहीत...

हलत होते. मला दिसत होते. पण आवाज नव्हता. आपाचा चेहरा पांढरा पडला. बाजाराला आलेले पर्यटक टाळ्या पिटत होते. त्यांना वाटलं हीच आमची परंपरा. त्यांना काहीही परंपरा वाटते.

आणि मग मागच्या भिंतीवर टांगलेल्या त्या सुझानीतून आवाज आला.

टक...

टक...

अंगुस्तानावर सुई टेकावी तसा. कापड आत ओढलं जायचं, सुटायचं. पुन्हा दुसरीकडे ओढलं जायचं. कुणीतरी पलीकडून टाका घालायला जागा शोधत होतं.

गिऱ्हाइकाने सुझानी उतरवून घेतली.

मागे नुसती विटांची भिंत. बोटभरही फट नाही.

टोपीवाला सुझानी घेऊन गेला. तगांनी दोन ताटं पुलाव हाणला. मी मनात म्हटलं, गेली ती बाई परदेशात. सुटलो.

बाई कुठली जाते? गेलं होतं ते तिचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा ओरडली. तिच्या स्वतःच्या लग्नाची सुझानी पेटीवर घडी करून ठेवलेली असायची, निम्मी भरलेली. तिच्यात एक फूल वाढलं होतं. आपाला वाटलं आईने केलं. आईला वाटलं मी. मी! मला बटण लावता येत नाही!

आपाने ते उसवलं.

पुढच्या सकाळी ते परत भरलेलं... आणि शेजारचंही.

सुझानी पेटीत ठेवून कुलूप लावलं. तरी तेच. रोज. हिरवा धागा आमच्या घरातला नव्हता.

शेवटी हमरो बीबीला बोलावलं. तिने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"डावखुरी होती ती," बीबी म्हणाली. "बघ, सगळे टाके उलट्या बाजूला कललेत."

"बीबी, हे पुरं झालं तर माझं काय होईल?" आपाने विचारलं.

बीबीने चहाचा पेला उचलला. प्यायली नाही. तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात तगा आले. सुझानी बघून डोळे लकाकले. "वा! कोण भरतंय? काय हात आहे! पाठवा की माझ्याकडे!"

मी त्यांना दाराबाहेर काढलं. खरंच काढलं. मोठ्यांशी असं वागतात का, वगैरे आईने नंतर ऐकवलं. ऐकवू दे.

सगळं भरत आलं होतं. उरलं होतं फक्त आपाने सोडलेलं ते एक पान.

त्या संध्याकाळी आपाने पेटीवर एक कोरं पांढरं कापड अंथरलं. सुई ठेवली, धागा ठेवला. आणि रिकाम्या खोलीत, घाबरत घाबरत, म्हणाली,

"बाई, हे घ्या. यात काही आखलेलंच नाही. हवं तेवढं भरा. माझं तेवढं सोडा."

सकाळी आपाचं पान रिकामंच होतं.

कोऱ्या कापडावर मात्र एक डाळिंबी फूल होतं...

आपा रडली, मग हसली, मग मला मिठी मारून परत रडली. शरदात लग्न झालं. ती आता समरकंदला असते. मजेत आहे. फोनवर नवऱ्याची नक्कल करून दाखवते.

कापड आमच्याकडेच राहिलं. एक भरलं की मी दुसरं अंथरायची. भीती वाटेनाशी झाली होती.

मग पुन्हा वसंत आला. गेल्या गुरुवारी मी शाळेत असताना तगा घरी आले आणि पेटीवरचं अर्धं भरलेलं कापड उचलून घेऊन गेले. बाजारात टांगायला. यावेळी खरं जुनं काम मिळालंय म्हणे!

शुक्रवारी सकाळी माझा शाळेचा पांढरा शर्ट खुर्चीवर होता.

उजव्या बाहीवर एक पान होतं.

हिरवं. पूर्ण भरलेलं. टाके उलट्या बाजूला कललेले...

उसवायला घेतलं, तर गाठच सापडेना. मी पळत जाऊन नवं कोरं कापड आणलं, पेटीवर अंथरलं, आपासारखंच सगळं बोलले. ते अजून कोरंच आहे.

तगांना फोन करून सांगितलं. तर ते हसतात. "मग बिघडलं काय? दुसरी बाहीपण भरून घे तिच्याकडून!"

आज सकाळी दुसऱ्या बाहीवर पानाची आखणी झालेली होती...