शेवंती चिवड्याचे गुण

“काका, हे पाकीट परत घ्या. शेवंती चिवड्याचं आता नुसतं नाव राहिलंय.”

संघमित्रा घाटकोपरच्या मेट्रोच्या जिन्याखालच्या दुकानात उभी होती. हा चिवडा ती लहानपणापासून खात आली होती.

“काय बिघडलंय नेमकं?” शेजारच्या तरुणानं विचारलं.

“कढीपत्ता मऊ पडलाय. मसाला फोडणीत पडलेलाच नाही, वरून भुरभुरवलाय. खाऊन बघा ना.”

तो कानापर्यंत लाल झाला. “आमचाच कारखाना आहे. शेवंती... माझी आजी.”

त्याचं नाव नितेश. मसाला शिंपडणारं मशीन त्याच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, भाड्यानं आणलं होतं. महिनाभरात नितेशला कढईत जुनी चव जमली नाही, तर मशीन विकत घ्यायचं आणि आजीची कढई मोडीत काढायची, असं ठरलं होतं.

“आजी गेली, मापं तिच्या हातात होती,” तो म्हणाला. “तुमची जीभ पक्की आहे. मदत कराल?”

“करीन. आणि मला ‘तू’ म्हटलंस तरी चालेल.”

मग दर शुक्रवारी, तिची शाळा सुटली की, तो फाटकाशी डबा घेऊन उभा. चौथीच्या वह्या तपासणारी संघमित्रा चिमूटभर चिवडा तोंडात टाकायची, डोळे मिटून गुण द्यायची. चार... पाच... सहा. तो कधी वाद घालत नसे. चूक समजून घ्यायचा, वहीत टिपायचा. एवढ्या मायेनं चुका लिहून घेणारा मोठा माणूस तिनं पाहिला नव्हता.

“हाताला काय झालं रे?”

“तेल उडालं. बाई कडक आहेत ना.”

चौथ्या शुक्रवारी कढीपत्ता दातांखाली चुरचुरला. तीच चव... अगदी तीच. आणि तिच्या तोंडून निघालं, “सात.”

वहीत सात टिपून तो डबा घेऊन गेला.

शनिवारी सकाळीच ती कारखान्यावर पोचली. नितेश कढई घासत होता.

“भाऊंना सांगितलं, नाही जमलं. दुपारी मशीनवाला येतोय.”

“नितेश... कालचे दहा होते.”

त्याचा हात थांबला. “मग सात का दिलेस?”

“दहा दिले असते, तर पुढच्या शुक्रवारी तू कशाला आला असतास?”

त्याला राग आला होता, हसूही येत होतं.

“अगं वेडे, चिवडा चाखायला घरात चार माणसं आहेत.”

संघमित्रा जमिनीकडे बघत राहिली. पण गालावरचं हसू काही लपेना.

“चल. भाऊ आत आहेत.”

“आणि त्यांनी विचारलं, ही कोण... तर?”

नितेशनं ओला हात पुसून पुढे केला.

“दहाचं तू सांग,” तो म्हणाला, “ते मी सांगतो.”