सत्तर मीटर मागे

संपादकाला जुनी आणि नवी अशी तुलना हवी होती. मोटरसायकलचं मॉडेल एकच, मधे तेरा वर्षं. डांबर, माती, डोंगर सगळं पचवते म्हणून जाहिरातीत मिरवते, त्यातली. नवी गाडी कंपनीने चाचणीसाठी दिली होती. जुनी मिळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या शहरात ती चालू स्थितीत एकाच घरी उरली होती. माझ्या भावाच्या.

दादाने आणि मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन घेतल्या होत्या. चार वर्षं मिळेल त्या सुट्टीला आम्ही त्या पळवल्या. नऊ वर्षांपूर्वी दादा गेला, आणि त्याच महिन्यात मी माझी विकली. त्याची वहिनींनी ठेवली. पुढच्या चाकाचे वाकलेले फोर्क बदलून घेतले, नवं हँडल बसवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतः चालवायला शिकल्या. मला हे दुसऱ्याकडून कळलं. आमचं येणंजाणं तोवर नावापुरतंच राहिलं होतं.

वहिनी कवळ्या बनवतात. मी त्यांच्या कामाच्या खोलीत गेलो तेव्हा टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत होते आणि वहिनी एका दाढेला कानस लावत होत्या. मी बोलत होतो तोवर त्यांचा हात थांबला नाही. मग त्यांनी दाढेवरची भुकटी फुंकली आणि गाडी देणार नाही म्हणाल्या. स्वतः चालवत घेऊन येईन, आणि नवीही चालवून बघेन. रस्ता कुठला, तेही त्यांनीच ठरवलं. तो घाट.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

म्हणून इथेच सांगून टाकतो. दादा गेला त्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी, चारचौघांत, दादा हसून म्हणाला होता की तू आपला मागे राहा, वळणं तुला झेपत नाहीत. तेवढंच. मी हेल्मेट चढवलं आणि सुसाट पुढे गेलो. पुढच्याने थांबून मागच्याची वाट बघायची, हा आमचा नियम होता. मी थांबलो नाही. माथ्यावरच्या पेट्रोल पंपावर चहा घेतला, गॉगल पुसला, टायरची हवा बघितली. चाळीस मिनिटं. मग खाली आलो. दादा सातव्या वळणाखाली दगडांत पडला होता. अंग अजून कोमट होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, पाच मिनिटांत मागे वळलो. आणि सांगितलं की या गाडीचे आरसे फार थरथरतात, मागचा पडला तरी दिसत नाही. दुसरी गोष्ट खरी होती, त्यामुळे पहिलीही खपून गेली.

ठरल्या दिवशी सकाळी सातला निघालो. मी नवीवर, वहिनी जुनीवर, दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र. नवीबद्दल वाईट लिहायला जागा नव्हती. जुनीपेक्षा वजनाला कमी, क्लच बोटाने दाबता येईल इतका हलका, सीटखाली भाजत नाही. आरसे स्थिर. शिवाय मागे रडार. सत्तर मीटरच्या आत मागून कोणी येत असेल तर आरशाशेजारी पिवळा दिवा लागतो. वहिनी मागे होत्या. दिवा लागलेला होता. मी मनात वाक्य जुळवलं: तेरा वर्षांत या गाडीला पाठीत डोळे फुटले.

सपाट रस्त्यावर वहिनींनी मला मागे टाकलं आणि पुढे गेल्या. दिवा लागलेलाच राहिला.

आरशात बघितलं. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. वेग वाढवला, कमी केला, दिवा हलेना. थांबलो तेव्हा विझला. मागच्या रडारच्या काळ्या पट्टीवरची धूळ मी रुमालाने पुसली आणि निघालो. पन्नास पावलंही गेलो नसेन, दिवा परत लागला.

मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. माणूस हुशार आणि जरा कंटाळलेला. त्याने सांगितलं की हे रडार झाड, भिंत, खांब धरतच नाही. तुमच्याबरोबर, तुमच्याच दिशेने चालणारी वस्तूच फक्त धरतं. मग त्याने विचारलं, मागे कोणी नव्हतं, याची खात्री आहे ना? मी आहे म्हणालो. गाडी परत आली की बघतो, म्हणाला. मी वहीत लिहिलं: रडार सदोष.

घाटाच्या पायथ्याशी गाड्या बदलल्या. वहिनींनी नवीचं हँडल धरलं, दोन्ही आरशांत निरखून बघितलं आणि आता मागचं सगळं दिसतं की, एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. जुनीवर बसलो तेव्हा टाकीवर दादाच्या गुडघ्यांनी घासून गेलेल्या दोन जागा होत्या. माझे गुडघे तिथे पोचत नव्हते.

चढ सुरू झाला. वहिनी पुढे, मी मागे. जुनी खालून दणके देत होती, गिअर पायाने ठोकून घालावा लागत होता, आरशात नुसती करडी थरथर. सहाव्या वळणावर वहिनी दिसेनाशा झाल्या. सातव्यावर कठड्याचा एक तुकडा बाकीच्याहून नवा होता, सिमेंट अजून जरा उजळ. मी थांबलो. इंजिन बंद केलं. खालचे दगड बघायचं धाडस झालं नाही, म्हणून कठड्याकडेच बघत राहिलो.

पाचेक मिनिटं गेली असतील.

"भाऊजी," कानात वहिनींचा आवाज आला, "दिवा लागलाय. तुम्ही मागेच आहात ना?"

थांबलोय, हे सांगायला हवं होतं. कुठे, तेही.

"हो," मी म्हणालो.

"मग जरा अंतर ठेवा. फार जवळ येताय."

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू होईना.

"आणखी जवळ आलात. दिवा आता लुकलुकतोय. भाऊजी, तुमच्या गाडीचा हेडलाइट बंद आहे का? आरशात काहीच दिसत नाही."

"वहिनी, थांबा. गाडी कडेला घ्या."

नुसती खरखर. मग तीही थांबली.

चौथ्या खेपेला गाडी सुरू झाली. इतक्या वेगाने मी त्या दिवशीही गेलो नव्हतो. प्रत्येक वळणावर आधी दगडांत बघायचो, मग रस्त्यावर. काही नव्हतं. ना गाडी, ना घसटल्याची खूण.

माथ्यावरच्या पंपावर नवी नीट स्टँडवर उभी होती. शेजारच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, हेल्मेट मांडीवर. रडून झालेला चेहरा.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवसाचं."

"परत?" त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"वाटेत सांगितलंत तेवढं बास झालं. चाळीस मिनिटं. पाच नाही, चाळीस."

मी म्हणालो, आपलं बोलणं मधेच तुटलं होतं.

"खरखर झाली थोडी. मग आवाज स्वच्छ आला. एकदम कानाशी." त्या हेल्मेटच्या अस्तरावरून बोट फिरवत होत्या. "नऊ वर्षं मी तुमच्यावर विश्वास ठेवला. कधीतरी कळलं असतं तर तुम्हाला काय बोलायचं, ते मी ठरवूनही ठेवलं होतं. आता एक शब्द आठवत नाही."

मी समोर उभा राहिलो. बसायला त्यांनी सांगितलं नाही.

"कबूल केलंत, ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण बाकीचं मला कशाला ऐकवलंत? तुमच्या इंजिनाचा आवाज खाली दगडांत किती वेळ ऐकू येत होता. वळणावळणाने वर जाणारा. तिसरा गिअर घालताना तुम्ही दोनदा चुकलात, हेसुद्धा."

दोनदा चुकलो होतो. रागात पाय नीट पडत नव्हता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"आणि ते शेवटचं," वहिनी म्हणाल्या. "आवाज बारीक होत गेला तरी प्रत्येक वळणाला वाटत होतं, आता थांबेल, आता वळेल. हे इतकं शांतपणे कसं हो सांगता आलं तुम्हाला?"